चिखलाचं पोट

वास आधी भिंगरीलाच आला. घरात तिचं नाक सगळ्यात तिखट, आणि पाय तर त्याहून. एका जागी बूड टेकायचं म्हणजे तिला शिक्षा. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सासऱ्यांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं आणि खरं नाव कुठल्या कुठे गेलं. त्या दिवशी ओहोटी लागली तशी ती फळीवर एक गुडघा टेकून, दुसऱ्या पायानं चिखल मागं रेटत वाफ्याकडे सरकत निघाली होती. अर्ध्या वाटेवर नाकाला झोंबलं. नासक्या अंड्याचा वास. ती थांबली, पुन्हा हुंगलं आणि स्वतःशीच म्हणाली, "मेलं बाई काहीतरी."

वाफा म्हणजे खाडीच्या तोंडाशी, नदी जिथं समुद्रात शिरते तिथं, काठ्या रोवून आणि जाळं ताणून अडवलेला चिखलाचा तुकडा. त्यात शिंपल्यांचं बारीक बी सोडायचं आणि तीन वर्षं डोळ्यांत तेल घालून राखायचं. मग एका मोसमात काढणी. या घराची चूल त्या चिखलावर पेटायची. यंदा तिसरं वर्ष होतं, काढणीचं.

तिनं फळीवरूनच हात चिखलात खुपसला. एरवी वरचा चिखल तपकिरी असतो, बोटं खोल गेली की मग काळा लागतो. आता वरचा पापुद्रा निघाला नाही तोच काळाभोर. हाताला लागलेल्या शिंपल्या तिनं पाण्यात विसळल्या. जिवंत शिंपली हात लागला की मिटते. यातल्या चार मिटल्या, बाकीच्या तोंड वासून राहिल्या.

तिचा सगळा जीव या वाफ्यात का, ते सांगायलाच हवं. नवऱ्यानं गेल्याच महिन्यात खोल समुद्रात जाणाऱ्या मोठ्या बोटीच्या तांडेलाला सांगून ठेवलं होतं, की काढणी बुडाली तर मी येतो. एकदा ती बोट गेली की दहा महिने माणसाचं तोंड दिसत नाही. नवरा तसाही बोलण्यात कंजूष, धक्क्यावर त्याला मुकाच म्हणायचे. पण मुका का होईना, घरात होता. संध्याकाळी पाय धुऊन दाराशी बसायचा आणि ती बडबडली की मान हलवायचा. ती हललेली मान भिंगरीला हवी होती. बाकी तिचं मागणं काही नव्हतं.

वासलेल्या शिंपल्या तिनं घरी नेऊन सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवल्या. म्हातारा खाटेवर पाय सोडून जाळं विणत होता. पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी त्याला पाटीभर वजनही उचलायची बंदी केलेली. त्यानं एक शिंपली नाकाला लावली आणि तोंड वाकडं केलं.

"बदकं," म्हातारा म्हणाला.

"काय?"

"बदकं म्हणतो ना! आक्काची बदकं. तिच्या तळ्यातलं घाण पाणी झिरपून येतंय आपल्या वाफ्यात. दुसरं काय असणार?"

आक्का म्हणजे म्हाताऱ्याची थोरली लेक, भिंगरीची नणंद. नवरा वारल्यावर ती परत आली आणि वाफ्याच्या वरच्या अंगाला, बांधापलीकडच्या जुन्या तळ्यात तिनं बदकं पाळली. पाच वर्षं झाली. अंडी विकून स्वतःचं पोट भरायची, कुणाच्या दारात तांब्याभर पाणी मागायला गेली नाही. बाई ताठ. आणि हो, जिभेला धार.

भिंगरीनं "बदकं" ऐकलं आणि खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. का, ते तिचं तिला ठाऊक होतं.

गोष्ट अशी, की यंदा नदीला पूर आलाच नव्हता. वर कुठंतरी धरणाचे दरवाजे उघडले नाहीत म्हणे. दर वर्षी पुराच्या लाल पाण्याबरोबर डोंगरातला पालापाचोळा, कुजका पेंढा, साली, मुळ्या असं काय काय वाहून यायचं आणि खाडीच्या तोंडाशी बसायचं. म्हातारा तेव्हा काठावर उभा राहून हात जोडायचा आणि म्हणायचा, "वाढलं बघ ताट! चिखलाला पोट असतं भिंगरे. आधी चिखल खातो, मग शिंपली खाते, मग आपण." त्याच्या बापाचं हेच म्हणणं, आजाचंही हेच. यंदा ताट वाढलंच नाही. शिंपल्या काढून बघितल्या तर आत मांस बोटाच्या पेराएवढंही नाही. "चिखल उपाशी आहे," म्हातारा म्हणाला होता. "पण कुणी काही करायचं नाही. वाफ्याचं मी बघतो."

तो बघणार काय, कपाळ! त्याला पाटी उचलवत नव्हती. नवऱ्याला विचारावं तर त्यानं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. मग भिंगरीनं आपल्या मनानं ठरवलं. ती सकाळी गिरणीत झाडलोट करायला जायची, तिथं सांडलेला कोंडा ढिगानं पडायचा. तो ती पिशवीतून आणायची आणि वाफ्यात दाबायची. कुणाला सांगितलं नाही. सासऱ्यांना कळलं असतं तर "मी मेलो काय?" म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं.

आता वास आल्यावर तिला क्षणभर वाटून गेलं, की आपला कोंडा तर नसेल? पण एवढ्याशा कोंड्यानं काय होतंय! बदकंच ती. शंभरभर बदकं दिवसभर पाण्यात हागतात, त्याचा वास नाही यायचा तर कशाचा येणार? तिनं मनाला बजावलं आणि दुसऱ्या दिवशी दोन पिशव्या कोंडा जास्त नेला, कारण शिंपल्या तिला आणखीच उपाशी वाटल्या.

त्याच आठवड्यात म्हातारा काठी टेकत आक्काच्या तळ्यावर गेला. भिंगरी मागून. आक्का गुडघाभर पाण्यात उभी राहून जाळीचं कुंपण बांधत होती.

"बदकं काढ इथनं," म्हातारा म्हणाला. ना हालहवाल, ना काही.

"का? बदकांनी काय तुमचं घोडं मारलंय?"

"माझा वाफा मरतोय. तुझ्या घाणीनं."

आक्कानं हातातली तार सोडली. "बाबा, पाच वर्षं हीच बदकं, हेच तळं. तेव्हा नाही मेला तो?"

"तेव्हा पूर यायचा, धुऊन जायचं. आता साचतंय."

आक्कानं भिंगरीकडं बघितलं. "तुला काय वाटतं गं, वहिनी?"

भिंगरीनं तळ्याकडं नजर लावली. "वास तर इकडूनच येतो, आक्का," ती म्हणाली. तिचे पाय मात्र जागच्या जागी चुळबुळत होते.

"बरं," आक्का म्हणाली. "म्हणजे तुझंही तेच."

पण आक्कानं बदकं काढली नाहीत. मग म्हाताऱ्यानं जे केलं ते बरं नव्हतं. धक्क्यावर जिथं सगळ्यांचा माल वजनाच्या काट्यावर चढतो तिथं तो रोज जाऊन बसायला लागला आणि येईल त्याला सांगायला लागला, की माझ्या लेकीनं खाडी नासवली. माणसांना तेवढंच हवं असतं. काटेवाला म्हणाला, नासक्या पाण्यातली अंडी कोण घेणार? दोन बायकांनी आक्काची टोपली बघून नाकाला पदर लावला. आठवड्याभरात अंडी उन्हात पडून राहायला लागली. आक्का तीन दिवस टोपली घेऊन आली आणि तीन दिवस तशीच परत गेली. चौथ्या दिवशी व्यापाऱ्याचा टेम्पो आला आणि सगळी बदकं पाय बांधून घेऊन गेला. भिंगरी बांधावर उभी होती. टेम्पो वळेपर्यंत बदकांचा कालवा ऐकू येत होता. आक्का आत गेली आणि दार लावून घेतलं.

त्या दिवशी भिंगरीला जेवण गेलं नाही.

आता वास कमी होईल म्हणून सगळे वाट बघत बसले. कमी कसला होतोय! उलट वाढला. ओहोटीला वाफ्यावर पांढरट साय धरायला लागली. रोज नव्या शिंपल्या वर येऊन वासून पडायच्या. भिंगरी दर ओहोटीला फळी घेऊन धावायची, दाताळ्यानं मेलेल्या गोळा करायची, पाटीत भरून काठावर आणून ओतायची. मांड्या भरून यायच्या, गुडघा फळीवर घासून सोलवटलेला. घरी आली की भांडी घासायची, झालेली भांडी पुन्हा घासायची, अंगण झाडायची, परत वाफ्याकडं नजर. नवरा म्हणाला, "बस जरा." महिन्याभरातलं त्याचं सगळ्यात मोठं भाषण ते. ती म्हणाली, "बसून काय करू? तुम्ही बोटीवर जाल तेव्हा बसेन." त्यानं मान हलवली नाही. नखातला चिखल कोरत राहिला.

शेवटी भिंगरीच गेली आणि मासळी खात्याच्या कचेरीतून एका बाईला घेऊन आली. बाई तरुण, गमबूट घातलेली, चिखलाला न बिचकणारी. तिच्याकडं हातभर लांबीची पारदर्शक नळी होती. ओहोटीला ती वाफ्यात उतरली, नळी चिखलात उभी दाबली, वरून बूच लावलं आणि हळूच उपसून काढली. काठावर येऊन तिनं ती फळीवर आडवी ठेवली. म्हातारा, नवरा, भिंगरी, तिघं वाकून बघायला लागले.

नळीत वाफा दिसत होता, वरपासून खालपर्यंत. तळाशी राखाडी चिखल, साफ. त्यावर वीतभर काळंकुट्ट.

बाईनं सुरीनं तो काळा भाग उभा चिरला. "हे बघा, हा पाला," ती म्हणाली आणि चिमट्यानं काळी पडलेली काही पानं सुटी केली. "खारफुटीचा आहे. पण वाहून आलेला नाही. देठ बघा, कापलेले आहेत, विळ्यानं. आणि हे समुद्राचं शेवाळ, गुंडाळी करून दाबलेलं."

म्हातारा खोकला.

"ही खवलं. हा माशाचा काटा, ही आतडी. धक्क्यावर मासे साफ करतात तिथला कचरा दिसतोय."

नवऱ्यानं मान खाली घातली.

"आणि हे..." बाईनं काहीतरी बोटात चोळून बघितलं. "कोंडा आहे. गिरणीतला."

भिंगरीच्या कानशिलात गरम झालं.

"पण बदकं?" म्हातारा म्हणाला. "वर बदकं होती."

"बदकांचं थोडं झिरपत असेल, आजोबा. पण हे बदकांचं काम नाही. हे इथं माणसानं आणून टाकलंय, पोत्यांनी." बाई हात पुसत म्हणाली. "शिंपली चिखल खात नाही. ती पाणी गाळते आणि पाण्यातलं बारीक हिरवं खाते. नदीचा पाला येतो तो आधी वाटेत कुजतो, पसरतो, निम्मा समुद्रात जातो. एका जागी एवढं कोंबलं की कुजताना ते चिखलातली हवा ओढून घेतं. शिंपल्या गुदमरल्यात तुमच्या. कुणी टाकलं हे?"

तिघंही तीन दिशांना बघायला लागले.

बाई शहाणी होती, दुसऱ्यांदा विचारलं नाही. जाताना एवढंच म्हणाली, "अजून निम्म्या जिवंत आहेत. वरचा काळा थर खरवडून काढा. आणि वाफ्यावरून पाणी वाहतं करा. वरचं ते तळं आहे ना, त्याचा बांध दोन्हीकडं फोडला तर प्रत्येक भरती-ओहोटीला पाणी यातून खेळेल. लवकर करा. आठ दिवस गेले तर माझ्याकडं येऊ नका."

घरात पाय टाकल्या टाकल्या भिंगरी फुटली. "पाला तुम्ही टाकलात बाबा? तुम्हाला वजन उचलायचं नाही!"

"उचललं नाही! ओढत नेलं," म्हातारा ओरडला. "तुम्ही दोघं झोपलेले असताना जायचो पहाटे. वाफा उपाशी मरताना बघत बसू काय? आणि तू! कोंडा कुणी सांगितला होता तुला?"

"कुणी नाही. तुम्ही काही करत नाही असं वाटलं मला."

"आणि हा बघ," म्हाताऱ्यानं लेकाकडं काठी रोखली. "हा मुका! माशाची घाण आणून ओतत होता आणि घरात ताकास तूर लागू दिली नाही!"

नवरा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. "मला वाटलं, तुम्ही दोघं काहीच करत नाही," तो म्हणाला.

कुणालाही हसू यावं अशीच गोष्ट होती. तीन माणसं एका चुलीवरचं जेवत होती आणि तिघं एकमेकांना चुकवून एकाच वाफ्याच्या तोंडात घास कोंबत होती. पण हसलं कुणी नाही. भिंगरी मटकन खाली बसली, घरात आल्यापासून पहिल्यांदा. "आणि बदकं गेली," ती म्हणाली. "आपण आक्काची बदकं घालवली. मी तिच्या तोंडावर म्हणाले, वास इकडून येतो म्हणून." तिला रडू फुटलं. म्हातारा खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला तो जेवायलाही उठला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी एकटीच आक्काच्या दारात गेली. रिकाम्या तळ्यावर पिसं तरंगत होती. आक्का उंबऱ्यात बसून कुंपणाची जुनी तार गुंडाळत होती, तिनं वर बघितलं नाही. भिंगरीनं सगळं सांगितलं. पाला, खवलं, कोंडा, नळी, बाई, बांध. सांगताना दोनदा उठली, दोनदा बसली.

आक्कानं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आता तळं हवं तुम्हाला."

"तळं नको, आक्का. पाणी जायला वाट हवी."

"माझी बदकं गेली त्या दिवशी तुमच्या चिखलाचा वास कमी झाला का गं?"

"नाही."

"मला ठाऊक होतं नाही होणार. पण माझं कोण ऐकतंय!" आक्काचा आवाज चिरकला. तिनं तार बाजूला फेकली. "बाहेरच्यानं म्हटलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. बापानं म्हटलं. धक्क्यावर बसून, सगळ्यांसमोर. कसं वाटलं असेल मला?"

भिंगरीनं तिचे पाय धरायला हात पुढं केला. आक्कानं तो झटकला. "ते सोड. ऐक. बांध फोडू देते. पण दोन गोष्टी. बाबांनी जिथं माझं नाव खराब केलं तिथंच, काट्यापाशी, सगळ्यांसमोर सांगायचं, की बदकांचं काही नव्हतं. आणि पुढच्या महिन्यात मी परत पिल्लं आणणार, याच तळ्यात. त्यांची घाण तुमच्याच वाफ्यावरून जाणार. चालेल?"

"चालेल."

"तुला चालेल गं. म्हाताऱ्याला विचार."

म्हाताऱ्याला विचारलं. त्यानं खाटेवरून पाय खाली सोडले. मग म्हणाला, "माझी काठी दे."

धक्क्यावर माल चढायची वेळ होती. काट्याभोवती माणसं, टोपल्या, ओल्या दोऱ्या, ओरडाआरडा. आक्का कडेला उभी होती, खांद्यावर फावडं. म्हातारा गर्दीत शिरला आणि काट्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. आयुष्यात कुणाची माफी मागितली नव्हती त्यानं. बायकोचीसुद्धा नाही.

"ऐका रे," तो म्हणाला. काटेवाल्यानं हात थांबवला. "मी म्हणत होतो, माझ्या लेकीच्या बदकांनी वाफा मारला. ते खोटं. बदकांचं काही नव्हतं. मीच पाला आणून टाकत होतो. मीच मारला." त्यानं एवढं बोलून श्वास घेतला. "लेकीचं नाव मी घालवलं. माझं चुकलं."

म्हाताऱ्यानं सगळं आपल्याच अंगावर घेतलं होतं, सून आणि मुलगा यांचं नावही काढलं नव्हतं. भिंगरीला वाटलं, आता इथंच थांबावं, कुणाला काय कळणार आहे! मग तिला आक्काचा चिरकलेला आवाज आठवला आणि पाय आपोआप पुढं झाले.

"मीही टाकत होते," ती मोठ्यानं म्हणाली. "कोंडा. गिरणीतला. आणि वरून आक्कावर ढकललं."

आता सगळ्यांच्या नजरा नवऱ्याकडं. तो दोरीचा गुंता हातात घेऊन उभा होता. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. भिंगरी मनात म्हणत होती, बोला हो, एकदा तरी बोला. पण शब्द फुटेना. गर्दीतलं कुणीतरी फिसकन हसलं.

आक्का गर्दीतून वाट काढत आली. भावासमोर उभी राहिली आणि खांद्यावरचं फावडं काढून त्याच्या हातात दिलं.

"तू काही बोलू नकोस," ती म्हणाली. "लहानपणापासून ओळखते मी तुला. खण."

तो खणायला लागला तेव्हा भरती यायला दोन तास होते. सगळे बांधावर जमले. काटेवालाही आला, न बोलावता. बांधाला दोन खाचा पाडायच्या होत्या, एक खाडीकडं, एक वाफ्याकडं. नवरा कंबरेपर्यंत चिखलात उतरून फावड्यामागून फावडं उपसत राहिला, कुणी बदली द्यायला गेलं तर कोपरानं ढकलून द्यायचा. भिंगरी आणि आक्का खाली वाफ्यात काळा थर खरवडत होत्या, एकीच्या फळीला दुसरीची फळी लागून. म्हातारा बांधावर बसून जिवंत शिंपल्या एका पाटीत आणि मेलेल्या दुसऱ्या पाटीत टाकत होता, आणि बोटांवर मोजत होता. मेलेल्यांची पाटी जड होती, ते सगळ्यांना दिसत होतं.

भरतीचं पाणी आलं ते आधी बांधाशी अडलं, मग खाडीकडच्या खाचेतून तळ्यात शिरलं. तळ्यातलं जुनं पाणी हललं, पिसांसकट वाहायला लागलं आणि दुसऱ्या खाचेतून वाफ्यावर पसरत गेलं. भिंगरी फळीवरून उतरून उभी राहिली, पाय चिखलात रुतेपर्यंत. पाण्यात हात घालून तिनं एक शिंपली उचलली. ती मिटली. दुसरी उचलली, ती नाही मिटली. तिसरी मिटली.

"किती राहतील?" तिनं वर वळून विचारलं. कुणाला विचारलं ते तिलाच कळलं नाही.

तिचा नवरा खाचेत उभा होता, छातीपर्यंत चिखल, हाताला फोड आलेले. त्यानं एकदा भिंगरीकडं बघितलं, मग वाफ्यातून बांधावर चढलेल्या बहिणीकडं.

"माझं पण होतं, आक्का," तो म्हणाला. "मी पण टाकलं होतं. मी बोटीवर जात नाही. राहिलेल्या राखतो, आणि तुझी बदकंही राखतो."

आक्कानं तोंड फिरवलं आणि पदरानं डोळे पुसले. "आधी वर ये," ती म्हणाली. "बुडशील मेल्या."